शिष्यवृत्ती कोणाची, निवड कोणाची?

गेल्या वार्षिक सभेत आपल्या शाखेपुढे एक प्रस्ताव आला. परदेशातील विद्यापीठात शिकणारा व आयुर्वेदाची आस्था असलेला एक विद्यार्थी दरवर्षी तीन महिन्यांसाठी येथे आणावा, त्याने सदस्यांच्या चिकित्सालयांत पंचकर्म व औषधीनिर्माण पाहावे आणि आपल्याकडील एका विद्यार्थ्याने तेवढाच काळ तिकडे जावे. प्रवास, निवास व भोजनाचा सर्व खर्च औषधनिर्माते असलेले एक सभासद उचलणार होते. अट एकच, दोन्हीकडील विद्यार्थी ते स्वतः निवडतील. आम्ही या अटीस हरकत घेतली, तेव्हा दात्याच्या दानतीवर शंका घेता काय, असे आम्हास विचारण्यात आले. या प्रश्नाचे उत्तर सभेच्या गडबडीत नीट देता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

अशा देवाणघेवाणीचा सर्वांत बोधप्रद इतिहास अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेचा आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्याचे प्रचंड सामान जगभर पडून होते. ते घेऊ इच्छिणाऱ्या देशांपाशी डॉलर नव्हते, होते ते स्वतःचे चलन. सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट हे स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले. सामानाची किंमत त्या त्या देशाच्या चलनात घ्यावी व ती तेथेच विद्यार्थी आणि अध्यापक यांच्या आदानप्रदानावर खर्च करावी, अशी तोड त्यांनी काढली. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या कायद्यावर स्वाक्षरी केली. युद्धाच्या भंगारातून विद्येचे भांडवल उभे राहिले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती कायद्यातील दुसरी तरतूद. पैसा सरकारचा असला, तरी निवडीचा अंतिम अधिकार एका स्वतंत्र मंडळास दिला गेला. त्यात शिक्षणक्षेत्रातील व सार्वजनिक जीवनातील मंडळी असावीत, अशी अपेक्षा होती. शिवाय अनेक देशांत दोन्ही राष्ट्रांच्या सदस्यांचे संयुक्त आयोग नेमले गेले. भारताशी असा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. १९५१ मध्ये आपण अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घेतले, त्याच्या व्याजाचा काही भागही शैक्षणिक देवाणघेवाणीकडे वळविण्यात आला. २००८ मध्ये नवा करार होऊन भारत खर्चाचा समान भागीदार झाला आणि शिष्यवृत्तीस नेहरूंचेही नाव जोडले गेले. जो खर्चात बरोबरीने उतरतो, त्याच्या शब्दाला बरोबरीचे वजन येते.

ही घडी किती नाजूक आहे, ते २०२५ मध्ये दिसले. वर्षाच्या आरंभी अमेरिकन सरकारने अनुदानाचे वितरण रोखले आणि परदेशी गेलेल्या अनेक शिष्यवृत्तीधारकांचे पैसे अडकले. जूनमध्ये त्या १२ सदस्यांच्या मंडळातील जवळजवळ सर्वांनी राजीनामे दिले. मंडळाने निवडलेल्या बऱ्याच उमेदवारांना शासनाने परस्पर वगळले, हा कायद्याचा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे सदस्य मागील राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले असून राजीनामे हे राजकारण आहे, असे शासनाने उत्तर दिले. खरेखोटे करण्याचे हे स्थळ नव्हे. पैसा देणारा आणि निवड करणारा यांच्यामधील भिंत कायद्याने बांधलेली असूनही पडू शकते, मग आपल्याकडे तर अद्याप भिंतच नाही, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे.

युरोपातील इरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देशांत सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी, पाठविणारी संस्था व स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्यांचा अध्ययन-करार जाण्यापूर्वीच होतो. काय शिकणार व परतल्यावर ते कसे ग्राह्य धरणार, हे त्यात लिहिलेले असते. मात्र युरोपातही सारेच सोवळे नाही. परदेशी प्रशिक्षणाच्या 'लिओनार्दो दा व्हिंची' या दुसऱ्या योजनेतील गैरव्यवहार हे १९९९ मध्ये संपूर्ण युरोपीय आयोगाने राजीनामा देण्याचे एक कारण होते. शिक्षण खाते सांभाळणाऱ्या आयुक्तांनी आपल्या परिचयातील एका दंतवैद्याची शास्त्रीय सल्लागार म्हणून वर्णी लावली होती. वैद्यकातील माणसे अशा ठिकाणीही भेटतात!

आपल्या देशात परदेशी विद्यार्थ्यांना आयुर्वेदासाठी शिष्यवृत्ती देण्याचे काम प्रामुख्याने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद करते. मौलाना आझादांनी १९५० मध्ये ती स्थापिली. अर्ज भारतीय दूतावासांमार्फत होतात, आयुष मंत्रालयाच्याही शिष्यवृत्त्या आहेत. आराखडा चांगला आहे, अडचण येते ती तळाशी. आम्ही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत असताना शेजारच्या देशातील एक विद्यार्थी आमच्याकडे होता. त्याचा भत्ता एकदा चार महिने आला नाही. महाविद्यालय म्हणे कागद वर गेले आहेत, वरचे म्हणत कागद आलेच नाहीत. खाणावळवाल्याने पहिले दोन महिने गप्प राहून काढले, पुढचे दोन आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून भागविले. त्या काळात हा मुलगा द्रव्यगुणाच्या तासाला नियमाने पहिल्या बाकावर बसे. तक्रार कर म्हटले, तर "सर, तक्रार कोणाकडे?" असे विचारी. आम्हालाही ते सांगता येत नव्हते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आधी शास्त्राची, मग आचार्याची व नंतर शिष्याची परीक्षा सांगितली आहे. शिष्याची परीक्षा तेथे आचार्य करतो, आश्रमाला धान्य पुरविणारा नव्हे.

आमचे म्हणणे असे. रक्कम शाखेच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी आणि निदान एका वर्षाचा पूर्ण खर्च विद्यार्थी निघण्यापूर्वी खात्यात असावा. निवड समितीत दोन अध्यापक, एक ज्येष्ठ चिकित्सक व तिकडील विद्यापीठाचा एक प्रतिनिधी असावा, दाते व त्यांचे नातलग नसावेत. विद्यार्थ्याने कोणाच्या औषधांची जाहिरात करावी किंवा प्रशस्तिपत्र द्यावे, अशी अपेक्षा लेखी वा तोंडी ठेवू नये. तक्रार ऐकणारी व्यक्ती शाखेबाहेरील असावी आणि तिचा दूरध्वनी क्रमांक विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी पडावा. हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून याच त्रैमासिकात छापावा. दात्यांचे नाव शिष्यवृत्तीस द्यावयास आमची मुळीच हरकत नाही, ते मोठ्या अक्षरांत द्यावे.

हा मसुदा आम्ही त्या सभासदांकडे पाठविला. त्यांचा दूरध्वनी आला. निवडीचा आग्रह सोडण्यास ते तयार आहेत, परंतु विद्यार्थ्याने एक आठवडा त्यांच्या कारखान्यात घालवावा, अशी त्यांची इच्छा आहे. भस्मे व आसवे-अरिष्टे मोठ्या प्रमाणावर कशी होतात, हे पाहण्यास त्याहून बरी जागा आपल्या जिल्ह्यात नाही, हे आम्हासही मान्य आहे. तो आठवडा अध्ययन-करारात कसा लिहावा, याविषयी सदस्यांनी आपल्या सूचना पुढील सभेपूर्वी कार्यवाहांकडे लेखी पाठवाव्यात.