डोंगर नसले तरी चालते

माउंटन बाइक म्हटले की हिमालय किंवा सह्याद्रीचे कडे डोळ्यांपुढे येतात, आणि मराठवाड्याचा माणूस हा छंद आपला नव्हेच, असे धरून चालतो. पण 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली टेकड्यांवरच्या मातीच्या रस्त्यांवरून हाकल्या, त्यातून हा खेळ वाढला आणि 1996मध्ये ऑलिंपिकमध्ये पोचला. मुळात लागतो तो कच्चा रस्ता आणि थोडा चढ-उतार. लातूर तर बालाघाटच्या पठारावरच वसले आहे. औसा तालुक्यात जांभ्या खडकात कोरलेली खरोशाची लेणी, उदगीरजवळचे हत्तीबेट, नांदेडकडे रत्नेश्वरीची टेकडी. या भागातले मुरमाड माळ आणि पाणंद रस्ते नवशिक्याला पुरेसे आहेत.

खरी अडचण मातीची. पावसाळ्यात काळी चिकणमाती चाकाला असे लिंपण घालते की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते; तेव्हा मुरमाचीच वाट धरावी. बाभळीच्या काट्यांसाठी पंक्चरचे सामान जवळ हवेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पहाटच बरी. महागड्या सायकलीचा आक्षेप मला पटत नाही: अशा वाटांना रुंद टायर आणि चांगले ब्रेक पुरतात, सस्पेन्शनची हौस नंतर. शेतकऱ्याची तक्रार मात्र रास्त आहे. बांधावरून, पेरलेल्या रानातून चाक घालू नये. वहिवाटीचा रस्ता सोडू नये, आणि बैलगाडी समोर आली तर उतरून बाजूला व्हावे.