लोकर मुळाच्या दिशेने सरकते

डोक्याचा एक लांब केस घ्या. तो चिमटीत धरा आणि त्याच्याच लांबीच्या दिशेने अंगठा आणि तर्जनी मागेपुढे चोळत राहा. केस आपोआप एका बाजूला सरकू लागेल. बोटं दोन्हीकडे सारखीच फिरतात, केस मात्र चालतो नेहमी मुळाच्या दिशेने. केसावर सूक्ष्म खवले असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि त्यांची टोकं शेंड्याकडे असतात. त्यामुळे एका दिशेला घसरण आणि दुसऱ्या दिशेला अडथळा. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, आणि मेंढीची लोकरही त्याच केराटिनची, याच खवल्यांची. घरी लोकरीचा कपडा शिवताना पाळायचे जवळजवळ सगळे नियम या चिमटीतल्या प्रयोगातून निघतात, आणि मला त्याचं नवल अजून संपलेलं नाही.

जालन्याच्या मुलखात लोकरीचं सगळ्यांच्या ओळखीचं वस्त्र एकच, घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर कातरायची, पिंजायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि मागावर विणायचं. पावसात हीच घोंगडी दुमडून डोक्यावरून घेतली की खोळ झाली. एक टाकाही न घालता तयार होणारा हा कपडा मला फार हुशारीचा वाटतो. पण रब्बीच्या दिवसांत रात्रीची लाईट असते, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, आणि दारं धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. तिथे खोळ कामाची नाही. तिथे बिनबाह्यांची बंडी हवी, आणि ती घरच्या मशीनवर सहज शिवता येते.

पण कातर लावण्याआधी घोंगडी धुवा. नव्या घोंगडीत खळ असते, म्हणून ती ताठ वाटते. शिवाय लोकर पहिल्या पाण्यात आटते. ओल्या, कोमट कापडाला चोळलं की प्रत्येक तंतू आपापल्या मुळाकडे सरकतो, शेजारच्या खवल्यांत अडकतो आणि परत येत नाही. आपले बुरणूस याच गुणावर उभे आहेत. पिंजलेली लोकर पसरायची, भिजवायची, गुंडाळून तुडवायची, की मागाशिवाय, ताण्याबाण्याशिवाय जाड वस्त्र हाती येतं. शिवलेल्या बंडीच्या बाबतीत मात्र हे घडलं तर ती घरातल्या पोराला होईल. म्हणून आटायचं ते आधीच आटू द्या. कोमट पाणी आणि रिठा घ्या, दाबून धुवा, पिळू नका. सोड्याचं पाणी नको, कारण क्षाराने लोकर झिजते. ब्लीच तर घरात असलं तरी दूर ठेवा. लोकरीचा धागा ब्लीचमध्ये टाकून ठेवला तर तो हळूहळू विरघळून नाहीसा होतो, सुती धागा मात्र तसाच राहतो. कापडात लोकर किती खरी आहे हे बघायला याच्याइतकी साधी परीक्षा नाही.

या धुण्याचा आणखी एक फायदा होतो. तंतू एकमेकांत गुंतल्याने कापलेली कड सुती कापडाइतकी सुटत नाही. तरी घोंगडीची वीण विरळ असते, म्हणून खडूने खूण करून गळ्याच्या रेषेलगत आधी टीप मारावी आणि मग कातर लावावी.

बंडीचं बेतणं सोपं आहे. पन्हा पुरेसा असेल तर कापडाची घडी अशी घालायची की ती खांद्यावर येईल आणि दोन्ही काठ पुढच्या-मागच्या घेराला. खांद्याला शिवण नाही, खाली दुमड नाही. गळा कापायचा, पुढे छोटी चीर द्यायची, बगलेखाली दोन सरळ शिवणी घालायच्या, मुंढ्यापुरती जागा मोकळी सोडायची. चौदाऐवजी सोळा नंबरची सुई लावा आणि टीप लांब ठेवा. बारीक टीप जाड लोकरीत रुतते आणि शिवण ताठरते. दख्खनी लोकर टोचते, तेव्हा आतून जुन्या धोतराचं अस्तर हवंच. त्यात कंजूषी नको.

खरी गंमत इस्त्रीची. शिवण उघडून त्यावर ओलं सुती फडकं टाका आणि इस्त्री ओढू नका, ठेवा आणि उचला. वाफेने केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजनचे कमकुवत बंध सुटतात, तंतू मऊ पडतो. थंड होताना ते बंध नव्या जागी जुळतात आणि शिवण सपाट बसते. त्यासाठी कापड पूर्ण निवेपर्यंत हलवायचं नाही. शिंपी लोकरीच्या कोटाला छातीचा गोल देतात तोही याच वाफेने, आणि ओले केस बांधून झोपलं की सकाळी ते तसेच वळलेले असतात, तेही याच कारणाने.

मग ही बंडी अंगात घालून दवात उभं राहिलं की काय होतं? तंतूच्या बाहेरच्या अंगाला चरबीचा पातळ थर असतो, त्यावरून थेंब ओघळतो. आतला गाभा मात्र हवेतली वाफ शोषतो, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के, आणि तरी हाताला ओला लागत नाही. वाफ शोषताना उष्णता बाहेर पडते. म्हणजे कोरडी बंडी घालून दमट थंडीत गेलात, तर कापड काही वेळ खरोखर स्वतः ऊब तयार करतं. उरलेलं काम वळणदार तंतूंमध्ये कोंडलेली हवा करते. शेकोटीची ठिणगी उडाली तरी लोकर सहसा पेट घेत नाही. तिला जळत राहायला हवेत सुमारे 25 टक्के प्राणवायू लागतो आणि आपल्या हवेत तो 21 टक्के आहे. ठिणगीच्या जागी केस जळल्याचा वास येतो आणि काळा डाग उरतो, इतकंच.

या कपड्याचा शत्रू वेगळाच. केराटिन पचवू शकणारे जीव फार थोडे, आणि कसर त्यांतली एक. तिच्या अळ्यांना घामाचे, अन्नाचे डाग पडलेली लोकर विशेष आवडते. तेव्हा होळीनंतर बंडी पेटीत टाकण्याआधी रिठ्याच्या पाण्यातून काढा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि शिवणींच्या आतल्या घड्या झटकून बघा, कारण अळ्या तिथेच दडतात.