गॅलियमची गाय

न्यूक्लिअर मेडिसिन विभागातल्या हॉट लॅबमध्ये शिशाच्या आडोशाला एक लहानसा जनरेटर ठेवलेला असतो. तिथले लोक त्याला बिनदिक्कत ‘काऊ’ म्हणतात आणि सकाळच्या पहिल्या कामाला ‘मिल्किंग’. आतल्या नळीत जर्मेनियम-६८ धातूच्या ऑक्साइडला चिकटून बसलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस. ते मोडत जातं तसं गॅलियम-६८ तयार होतं, आणि त्याचं अर्धायुष्य अवघं ६८ मिनिटं. नळीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की जर्मेनियम जागचं हलत नाही, गॅलियम तेवढं उतरतं. तीन-चार तासांनी पुन्हा धार काढायची. यादीत चार पेशंट असतील आणि एकाची शुगर ऐनवेळी घसरली, तर अख्खं वेळापत्रक कोलमडतं, कारण गॅलियम कुणासाठी थांबत नाही.

हे गॅलियम मग डोटाटेट नावाच्या पेप्टाइडला जोडतात. सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक १९७३ साली रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. शरीरातलं मूळ संप्रेरक रक्तात काही मिनिटंच टिकतं. डोटाटेट ही त्याची टिकाऊ नक्कल. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर या संप्रेरकाचे रिसेप्टर पुष्कळ असतात, तिथे ही नक्कल जाऊन बसते. इंजेक्शननंतर तासाभराने पेट-सीटी काढतात.

अशा न्यूरोएंडोक्राइन गाठींपैकीच एक म्हणजे फुफ्फुसातली कार्सिनॉइड गाठ. ती पुष्कळदा मोठ्या श्वासनलिकेत वाढते. खोकला, घरघर, थुंकीतून रक्त, त्याच त्या भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया. पेशंट वर्षानुवर्षं दम्याचे पंप ओढत राहतो. आपल्याकडे तर क्षयाचा संशय आधी येतो. सीटीत गोल, गुळगुळीत, कॉन्ट्रास्टने उजळणारी, कधी कॅल्शियमचे ठिपके असलेली गाठ दिसते. नलिकेच्या आत डोकावणारा भाग लहान आणि बाहेरचा मोठा, असंही असतं. ब्रॉन्कोस्कोपीत फक्त आतलाच दिसतो.

सर्वत्र वापरला जाणारा एफडीजी पेट इथे फसवतो. तो पेशींची साखरेची भूक मोजतो आणि टिपिकल कार्सिनॉइड संथ, कमी भुकेची. एफडीजीत ती फिकी दिसली म्हणून निरुपद्रवी ठरवणं धोक्याचं; तीच डोटाटेटच्या, म्हणजे ‘डोटा’ स्कॅनमध्ये लखलखते. उलट लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन किंवा स्मॉल सेल कर्करोगात एफडीजी पेटतो आणि डोटा मंदावतो. अटिपिकल कार्सिनॉइड मधे कुठेतरी. म्हणून दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून वाचणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

डोटाही भाबडा नाही. प्लीहा, मूत्रपिंडं, पिट्युटरी निरोगी असूनही उजळतात. क्षयाच्या किंवा सार्कॉइडच्या गाठीही उजळू शकतात, कारण त्यांतल्या मॅक्रोफेज पेशींवर हेच रिसेप्टर असतात. आपल्या देशात ही तळटीप नव्हे, मुख्य मजकूर आहे. आणि जी गाठ काही मिलिमीटरचीच आहे, ती श्वासाच्या हालचालीत सुटू शकते. अशीच एखादी टिचभर गाठ एसीटीएच हे संप्रेरक ओतत राहते. चेहरा गोल होतो, रक्तदाब आणि साखर चढते, आणि मूळ सापडता सापडत नाही. डीआयपीनेच या, श्वासनलिकांतल्या न्यूरोएंडोक्राइन पेशी वाढून बहुतांशी स्त्रियांना होणाऱ्या आजारात तर फुफ्फुसभर बारीक ठिपके असतात. तिथे श्वास सोडून काढलेली सीटी अडकलेली हवा दाखवते आणि जास्त कामाला येते.

शेवटचा शब्द काचपट्टीचा. दोन चौरस मिलिमीटरमध्ये विभागणाऱ्या पेशी दोनहून कमी आणि मृत पेशींचे पट्टे नाहीत, तर टिपिकल. दोन ते दहा, किंवा मृत पेशी दिसल्या, तर अटिपिकल. बायोप्सी घेताना मात्र हात जपून, कारण या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो.

गाठ पसरली असेल, तर त्याच डोटाटेटवर गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ बसवून उपचार करतात. ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये वापरलं जातं. पण स्कॅनमध्ये गाठ उजळलीच नसेल, तर ल्युटेशियमही तिथे पोहोचणार नाही. अशा पेशंटला केमोथेरपी किंवा दुसऱ्या औषधांकडे वळवतात.