पीठ अजून गरम आहे

झाकण लगेच लावायचं नाही. दळण आणायला पाठवताना आई हे दर वेळी बजावायची आणि डबा हातात देताना गिरणीवाले काकाही तेच सांगायचे. दगडांतून निघालेलं पीठ चांगलं कढत असतं. त्यावर झाकण पडलं की वाफ आतच कोंडते, गुठळ्या होतात, कुबट वास येतो आणि आठ-दहा दिवसांत पिठाला जाळी धरते. म्हणून डब्यावर वर्तमानपत्राचा कागद टाकायचा, झाकण तिरकं ठेवायचं आणि डबा पोटाशी धरून घर गाठायचं. पावसात भिजलेल्या शाळेच्या फ्रॉकमधून पोटाला लागणारी ती ऊब अजून अंगात आहे.

आमची गिरणी डोंबिवली पूर्वेला, टिळकनगरच्या बाजूला होती. सकाळी सात-आठपर्यंत मिळवती माणसं लोकलला लटकून मुंबईला गेलेली असायची. मग दिवसभर गाव बायकांचं, म्हाताऱ्यांचं आणि आमचं. 1983 साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, पण नाक्यावरची दुकानं त्याच्याही आधीची. लाकडा-कोळशाची वखार होती, तिथला काटा माणूस बसेल एवढा मोठा. तासाच्या भाड्यानं सायकल देणारा होता. महिन्याच्या वर्गणीवर कादंबऱ्या आणि दिवाळी अंक देणारं एका खोलीचं वाचनालय होतं. घासलेटची रांग लागायची ते रेशनचं दुकान होतं. घरोघर गॅस आला आणि वखार गेली, मुलांना स्वतःच्या सायकली मिळाल्या आणि सायकलवाला गेला, संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या आणि वाचनालयाचा बाक रिकामा पडू लागला. गिरणी या सगळ्यांच्या नंतर गेली, आणि मला सगळ्यात जास्त कळलेलं दुकान तेच.

तिला दुकान म्हणायचं तरी कसं, हा प्रश्न आहेच. गिरणीत विकायला काहीच नसतं. धान्य आपलं, डबा आपला, पीठही आपलंच. काका विकायचे ते फक्त दगडांचं फिरणं आणि त्यावरची स्वतःची नजर.

दहा बाय पंधराची खोली. आत शिरलं की डावीकडे लाकडी फळीवर डब्यांची रांग. डालड्याचे पिवळे डबे, कडी असलेले ॲल्युमिनियमचे, तळाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेले स्टीलचे. प्रत्येकात धान्यावर खोचलेली चिठ्ठी: नाव, किती किलो, जाड की बारीक. काका चिठ्ठी क्वचितच वाचायचे, त्यांना डबे ओळखीचे होते. समोर गिरणी आणि कोपऱ्यात दहा हॉर्सपॉवरची मोटर, दोन्हींमध्ये रुंद कॅनव्हासचा पट्टा. पट्टा घसरू लागला की काका राळेचा खडा हातात घेऊन फिरत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला धरायचे. राळेचा तो वास, गरम गव्हाचा वास आणि मोटरच्या तेलाचा वास मिळून गिरणीचा वास व्हायचा. भिंती, दिवा, गणपतीची तसबीर, काकांच्या पापण्या, सगळ्यावर पिठाची साय. कोळिष्टकंसुद्धा पिठानं जाड होऊन सुतळीसारखी लोंबायची.

गिरणीचं पोट म्हणजे दोन दगड. एक बसलेला, एक फिरता. दोघांच्या अंगावर मध्यापासून कडेपर्यंत तिरक्या खाचा. वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यातून धान्य दगडांच्या मधोमध पडतं, तिथं दाणा फुटतो, मग खाचा त्याला कडेकडे ढकलत नेतात आणि कडेला पोचेपर्यंत त्याचं पीठ झालेलं असतं. दोन दगडांमधलं अंतर एका चाकानं कमी-जास्त करता येतं. मोटर सुरू करताना दगड लांब ठेवायचे, पट्ट्यानं वेग घेतला की धान्य सोडायचं आणि मगच चाक आवळायचं. रिकामे दगड एकमेकांना लागले तर खाचा मरतात. काका बोलता बोलता, रस्त्यावरच्या कुणाला हाक मारता मारताही, नरसाळं संपत आल्याचं आवाजावरून ओळखायचे. भरल्या गिरणीचा घरघराट जाड असतो, धान्य सरत आलं की तो पातळ होतो. हे मला त्यांनी शिकवलं आणि नऊ-दहा वर्षांची असताना मला ते डोळे मिटून कळायचं.

खाचा झिजल्या की दगड गुळगुळीत होतात. मग ते धान्य कापत नाहीत, नुसतं रगडतात. पीठ भाजल्यासारखं गरम निघतं आणि पोळ्या वातड होतात. म्हणून दर काही दिवसांनी गिरणी उघडून दगडांना टाकी द्यावी लागे. त्या दुपारी गिरणी बंद असायची, पण दार उघडं. काका वरचा दगड उलटा पाडून त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे, एका हातात टाकी, दुसऱ्या हातात हातोडी. टक टक टक टक, एकेक खाच मध्यापासून कडेकडे. घरचा पाटा-वरवंटा टाकवायला रस्त्यानं ओरडत बाई यायची, तिचंच हे मोठं काम. टाकीनंतरचं पहिलं दळण ते कधी गिऱ्हाइकाचं घेत नसत. दगडाची कचकच त्यात उतरते, म्हणून आधी आपलं चार किलो हलकं धान्य घालायचे आणि ते पीठ गुरांना जायचं.

पण खरी विद्या बोटांत होती. दळण सुरू झालं की गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बोंग्याखाली काका हात धरायचे, चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळायचे आणि चाक पाव वळसा फिरवायचे. पोळीचं पीठ मऊ हवं पण मेणचट नको. भाकरीचं ज्वारीचं पीठ बारीक हवं, नाहीतर भाकरी थापताना चिरते. लाडवाचं बेसन रवाळ. बाजरी थोडी-थोडीच दळायची, कारण तिच्यात तेल असतं आणि पीठ आठवड्यात कडू पडतं. कुणी एकदम पाच किलो बाजरी आणली तर काका अर्धी परत पाठवायचे. स्वतःच्या धंद्यापेक्षा त्या घरच्या भाकरीची काळजी करणारा माणूस मी तिथं पाहिला.

रांगेतल्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, यावर आधी काय होतं?" गव्हावर गहू चालतो. ज्वारीवर गहू आला तर पहिली दोन मुठी पीठ करडं येतं. डाळीवर तांदूळ तर नकोच. म्हणून दिवसाचा क्रम काका बसवायचे आणि आपला डबा आधी आणला तरी धान्याची पाळी येईपर्यंत थांबावं लागे. गणपतीच्या आधी मोदकाच्या पिठाचा एक खास दिवस असे. धुऊन सावलीत वाळवलेला आंबेमोहोर यायचा, गिरणी झाडून-पुसून घेतलेली असायची आणि खोलीभर तांदळाचा गोड वास. आषाढीच्या आधी उपासाचं दळण, राजगिरा आणि वरी. त्या दिवशी दुसरं काहीच दळत नसत. आणि दिवाळीच्या आधीचे दहा दिवस भाजणीचे. चकलीची भाजणी म्हणजे तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची आणि मुगाची डाळ, धने, जिरे, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र केलेलं. प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं, भाजण्याचा रंगही वेगळा. रात्री अकरापर्यंत गिरणी चालायची आणि पलीकडच्या गल्लीतसुद्धा भाजलेल्या धन्याचा वास पोचायचा. एका वर्षी गर्दीत दोन डबे बदलले गेले आणि आमच्या घरी शेजारच्यांची भाजणी आली. आईनं चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "ही आपली नाही, यात उडीद जास्त आहे." मी डबा घेऊन धावले. त्या काकूही आमचा डबा घेऊन जिना उतरत होत्या.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायची पद्धत होती. गच्चीवर लोकवन पसरायचा, ऊन दाखवायचं, निवडायचा आणि एरंडेलाचा हात लावून पिंपात भरायचा. ज्यांना ते परवडत नसे ते रेशनच्या गव्हात दोन-तीन किलो चांगले गहू मिसळून आणायचे. आईच्या आठवणीत 1972 च्या दुष्काळातला मिलो होता, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीचं नाव काढलं की आईचा चेहरा बदलायचा. कुणाच्या डब्यात काय आहे यावरून त्या घराची महिनाअखेर काकांना कळत असणार. त्यांनी कुणाच्या डब्याबद्दल दुसऱ्यापाशी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. पैसे राहिले तर दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडा पडायचा, नाव नाही.

'गिरणी' या शब्दानं माझा एकदा मोठा घोटाळा केला. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. रेडिओवर आणि घरात सारखं 'गिरण्या बंद' ऐकून मी डबा घेऊन नाक्यावर पळाले, आमची चालू आहे का बघायला. चालू होती. बाकावर चाळीतले एक काका बसले होते. ते परळच्या गिरणीत होते. पुढे कित्येक महिने ते दुपारचे तिथंच बसायचे, डबे उचलून द्यायचे, बोंगा झटकायचे. गिरणीवाले काका त्यांना हातखर्चाला काही देत असावेत. या दोन गिरण्या माझ्या मनात तेव्हापासून एकमेकींना बिलगून आहेत.

आजीला मात्र गिरणीचं कौतुक नव्हतं. तिचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य पहाटेच्या जात्यावर गेलं होतं. ती सांगायची की गावात इंजिनाची गिरणी आली, धुराच्या नळीवरच्या डब्याचा कुक् कुक् आवाज दोन कोसांवर ऐकू यायचा, आणि बायकांच्या पाठी सुटल्या. पण त्याबरोबर ओव्याही सुटल्या. जातं नाही तर ओवी कशावर म्हणायची? गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मी पुष्कळ नंतर वाचलं आणि आजीच्या किती राहून गेल्या याची हळहळ वाटली. गिरणीवर कुणी गात नसे, त्या घरघराटात शक्यच नव्हतं. पण बाकावर बसून बायका मोठ्यानं बोलायच्या. सासू, दुखणं, मुलीचं स्थळ, सगळं ओरडून, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. पट्टा थांबला की एकदम शांतता व्हायची आणि अर्धं वाक्य हवेत राहायचं.

मग 2002 मध्ये आशीर्वादच्या पिशव्या आल्या. तयार पीठ त्याआधीही मिळत होतं, पण नोकरी करणाऱ्या बायकांच्या घरात ते तेव्हापासून ठाण मांडून बसलं, आणि मी त्यांना दोष देणार नाही. मीही संध्याकाळी सात पन्नासची लोकल पकडून घरी येणारी. 2005 च्या सुमारास भारनियमन वाढलं. मुंबईत दिवे असायचे, पारसिकच्या बोगद्यापलीकडे आमच्याकडे तासन्‌तास अंधार. दळण चालू असताना वीज गेली की दगडांत धान्य अडकतं, चाक सैल करून, सगळं उपसून पुन्हा सुरुवात. लोक डबे ठेवून जायचे आणि वीज आली का म्हणून फोन करायचे. ज्यांना जमलं त्यांनी घरघंटी घेतली. तिच्यात दगड नसतात. पोलादी पाती दाणा फोडतात आणि जाळीतून पीठ गाळलं जातं. सोय मोठी आहे, पीठही चांगलं असतं, पण चिमटीत पीठ चोळून चाक पाव वळसा फिरवणारं तिथं कुणी नाही.

शेवटी इमारत पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत मोठ्या मोटरच्या आवाजाला आणि हादऱ्याला रहिवासी तयार नव्हते. मी त्या दिवशी रजेवर होते. लोखंडी नळांवरून घरंगळवत दोन माणसांनी दगड बाहेर काढले. गिरणी हलली तेव्हा मागची भिंत दिसली. तिच्यावर बोटभर जाडीचा पिठाचा थर चढला होता, खाली पिवळट, वर पांढरा, मध्ये कुठे करडी रेघ, बाजरीची असेल. काकांनी पत्र्याच्या तुकड्यानं तो खरवडला. माणसं म्हणाली, राहू द्या, भिंत पडणारच आहे. काकांनी ऐकलं नाही. सगळं पीठ सुपात गोळा केलं, मागे गेले आणि आंब्याच्या बुंध्याशी मूठमूठ करून मुंग्यांना घातलं.