नेहरू प्लेसला जाण्याआधी

मयूर विहारहून नेहरू प्लेस गाठणं आता सोपं झालंय. ३१ डिसेंबर २०१८ रोजी पिंक लाइनचा लाजपतनगर ते मयूर विहार पॉकेट-१ हा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून मयूर विहार फेज-१मधून गाडीत बसायचं, यमुना ओलांडून लाजपतनगरला उतरायचं, व्हायोलेट लाइन धरायची आणि तिसऱ्या स्टेशनावर दिल्लीचा सगळा संगणक-बाजार समोर. लॅपटॉप रखडायला लागला की शेजारीपाजारी, ऑफिसातले, कॉलेजात जाणारी पोरं सगळे एकच सल्ला देतात: हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घ्या. सल्ला अगदी बरोबर आहे. अडचण होते ती गाळ्यावर. दुकानदार विचारतो, ‘कौनसी दूँ?’ आणि आपण किंमत आणि पेटीवरचा वेगाचा आकडा एवढंच पाहून बोट ठेवतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा वेगाचा आकडा सर्वांत शेवटी पाहा.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक काटा हलतो. प्रत्येक फाइल शोधायला त्याला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात आणि विंडोज सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हाच शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात, किंवा त्याहूनही लवकर, संपतो. लॅपटॉपमध्ये जीव आल्यासारखा वाटतो तो या फरकामुळे. हा फायदा साटा या जुन्या जोडणीच्या साध्या एसएसडीतही मिळतो. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, तर एनव्हीएमई या नव्या जोडणीचा ३,५००, ७,००० किंवा त्याहूनही पुढे जातो. पण मेल, एक्सेल, मुलांचे ऑनलाइन क्लास आणि फोटो एवढंच काम असलेल्या घरात या दोन्हींतला फरक जेमतेम जाणवतो.

आपल्या लॅपटॉपमध्ये काय बसतं, हे मात्र घरूनच पाहून निघा. जुन्या मॉडेलांत अडीच इंची चौकोनी ड्राइव्ह बसते. नव्यांत एम.२ ही पट्टी असते आणि तिच्यावरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपना आखूड, २२४२ किंवा २२३० लागते. एम.२ आकाराची पट्टी साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही, त्यामुळे नुसतं ‘एम.२ द्या’ म्हणून भागत नाही. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या साइटवर मॉडेलनुसार सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळतं, त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. काही स्वस्त आणि काही अगदी पातळ लॅपटॉपांत साठवणीची मेमरी बोर्डावरच झाळलेली असते, तिथे बदलण्यासारखं काही नसतं.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. एसएसडी ज्या नँड फ्लॅश मेमरीवर चालते, ती तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. प्रत्येक सूक्ष्म पेशीत विद्युतभार साठवायचा आणि तो मोजून माहिती वाचायची, हे तिचं तत्त्व. सुरुवातीला एका पेशीत एकच बिट असे. आज टीएलसी या प्रकारात तीन बिट मावतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट, म्हणजे सोळा पातळ्या. पेला भरलेला की रिकामा हे कुणीही सांगेल, पण त्याच पेल्यावर सोळा रेघा मारल्या तर पाणी नेमकं कितव्या रेघेवर आहे हे पाहायला वेळ लागतो आणि चूकही लवकर होते. तितक्याच पेशींत जास्त डेटा मावत असल्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण ती लवकर झिजते आणि तिच्यावर लिहिणं संथ असतं.

पेटीवर हे कळत नाही. सॅमसंगच्याच दोन साटा ड्राइव्ह घ्या, ८७० ईव्हीओ आणि ८७० क्यूव्हीओ. दोन्हींचा वाचनवेग ५६० एमबी प्रतिसेकंद लिहिलेला आहे. पण १ टीबीच्या टीएलसीवाल्या ईव्हीओला पाच वर्षांची किंवा ६०० टीबी लेखनाची हमी आहे, तर क्यूएलसीवाल्या क्यूव्हीओला तीन वर्षांची किंवा ३६० टीबीची. शिवाय त्या क्यूव्हीओवर एका दमात चाळीस-बेचाळीस जीबी ओतले की तिची वेगवान राखीव जागा संपते आणि कंपनीच्याच माहितीपत्रकानुसार लेखनाचा वेग ८० एमबीवर येतो. लग्नाचं अख्खं शूटिंग कॉपी करायला घेतलं की हे नेमकं अनुभवाला येतं.

या ३६० आणि ६०० टीबीच्या आकड्यांनी घाबरून जायचं कारण नाही. रोज ३० जीबी लिहिले, आणि घरात सहसा तेवढंही लिहिलं जात नाही, तरी ३६० टीबी संपायला बत्तीस-तेहतीस वर्षं लागतील. त्या आकड्याला मी आयुष्य मानत नाही. कंपनीला आपल्या मालाची किती खात्री आहे, एवढंच त्यातून पाहते. घरगुती एसएसडी झिजून मरते असं क्वचितच होतं. ती जाते कंट्रोलर ही नियंत्रक चिप बिघडली म्हणून, वीज गेली-आली म्हणून किंवा तिच्या आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चूक राहिली म्हणून. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपी एंटरप्राइजने सर्व्हरच्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअर बदललं नाही तर ३२,७६८ तास पुरे होताच ड्राइव्ह बंद पडेल आणि डेटाही जाईल. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. तासांच्या मोजणीची मर्यादाच तिथे संपत होती. म्हणून ड्राइव्ह बसवल्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर ताजं करून घ्यावं. ते पाच मिनिटांचं काम आहे.

नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचा प्रकारही घडतो. २०२१ मध्ये क्रूशियलच्या पी२ या एसएसडीमध्ये टीएलसीऐवजी क्यूएलसी भरल्याचं परीक्षकांनी उघडकीला आणलं. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० ची फ्लॅश बदलून लेखन मंदावल्याचं दिसलं, तेव्हा यापुढे असा बदल केला तर मॉडेलचा क्रमांक बदलू, असं कंपनीला जाहीर करावं लागलं. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर भिस्त ठेवू नका. ज्या ड्राइव्हच्या माहितीपत्रकात टीएलसी असं स्पष्ट लिहिलेलं नाही, ती मी तरी मुख्य ड्राइव्ह म्हणून घेणार नाही.

नेहरू प्लेसच्या गाळ्यांवर दोन भाव सांगितले जातात, पक्क्या बिलाचा आणि बिनबिलाचा. पक्कंच बिल घ्या, जीएसटी क्रमांक आणि ड्राइव्हचा सीरियल नंबर लिहिलेलं. बाहेरून आणलेल्या मालाला भारतात कंपनीची वॉरंटी लागू असेलच असं नाही आणि बिघडलेली ड्राइव्ह कंपनीकडून बदलून घ्यायची वेळ येते तेव्हा बिनबिलात वाचवलेले पैसे कितीतरी पटींनी जातात. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासता येतो. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. ‘नव्या’ ड्राइव्हचे शेकडो तास आधीच भरलेले दिसले तर ती वापरलेली आहे.

दिल्लीत राहणाऱ्यांनी उन्हाळ्याचा विचार वेगळा करायला हवा. वीज नसतानाही पेशीतला भार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्त. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने आपली लेखनमर्यादा पूर्ण संपल्यावरही ३० अंशांत, विजेविना, एक वर्ष डेटा टिकवायला हवा. मे महिन्यात गच्चीखालच्या बंद फ्लॅटमध्ये ३० अंश कुठले? नवी ड्राइव्ह हे सहज सोसते. पण जुनी, झिजलेली एसएसडी बॅकअप म्हणून कपाटात टाकून महिनोन्‌महिने गावी जाणं धोक्याचं आहे.

२०२३ मध्ये एसएसडीचे भाव तळाला गेले होते. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली आणि ते चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रूशियल हा आपला घरगुती ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात अनोळखी नावाची २ टीबी घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीची, टीएलसीची, पाच वर्षांच्या हमीची ५०० जीबी घ्यावी. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे साधी साटा ड्राइव्ह आणि तिच्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम एवढं पुरे.

ड्राइव्ह बदलण्याआधी बिटलॉकर या विंडोजच्या डेटा-कुलपाची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर क्लोन केल्यावर आपल्याच डेटाला मुकायची वेळ येते. काढलेली हार्ड डिस्कही दुकानात सोडू नका, तिच्यावर तुमचे बँकेचे कागद आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिचे रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेले भाग, शून्य दिसत असतील, तर यूएसबीचं एक केसिंग घेऊन तीच बॅकअपला वापरा. अडीच इंची डिस्कला विजेचा वेगळा अडॅप्टरही लागत नाही. महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवायची आणि केबल काढून ठेवायची.