खाडीपलीकडचे काम आणि भरपाईचा हक्क

अलिबाग : रेवसच्या धक्क्यावरून करंजाकडे सुटणाऱ्या लाँचमध्ये हातात जेवणाचा डबा घेतलेले कामगार नेहमी दिसतात. घर खाडीच्या अलीकडे आणि काम उरण परिसरात, पलीकडे. अशा कामगाराला वाटेतच अपघात झाला, तर तो कामावरचा अपघात मानायचा काय? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नाही, हे त्याचे मूलतत्त्व. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडला, एवढेच दाखवावे लागते. वाटेवरच्या अपघातांचे घोडे अडत होते ते नेमके या 'नोकरीच्या ओघात' या शब्दांपाशी.

पोरबंदरजवळच्या मिठागरात जाण्यासाठी कामगार खाडी ओलांडत असत. १९५२ मध्ये वादळी हवेत त्यांची होडी उलटली आणि काही जण बुडाले. वारसांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कामाच्या जागेची हद्द काही प्रसंगी फाटकाबाहेरही धरता येते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र सर्वांना खुली असलेली होडी त्या हद्दीत बसत नाही, असा निर्णय १९५८ मध्ये दिला. पेण-उरणच्या मिठागरांत राबणाऱ्यांनाही हाच न्याय लागू होत होता.

या भूमिकेत मोठा बदल झाला तो महाराष्ट्रातीलच एका प्रकरणामुळे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. आयुक्तांनी वारसांना ३ लाख २६ हजार १४० रुपये व व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश पुन्हा कायम केला. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर नोकरीच्या ओघातीलच होय, असे न्यायालयाने म्हटले. वारसांना मात्र त्यासाठी बावीस वर्षे वाट पाहावी लागली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून जुना कायदा तिच्यात विलीन झाला आहे. संहितेत हाच नियम आता स्पष्ट शब्दांत आहे. तथापि कामावरून सुटल्यावर वाट सोडून खासगी कामासाठी भलतीकडे गेलेल्याला हे संरक्षण मिळेलच असे नाही. त्याचप्रमाणे भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच्या कायद्यानुसार ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

रक्कम कशी ठरते? मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हिशेबासाठी धरायच्या वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये १५ हजार रुपये करण्यात आली. जुन्या कायद्याखालील त्यानंतरच्या अपघातात तेवढे वेतन असलेला तिशीचा कामगार मरण पावला असेल, तर ७,५०० गुणिले २०७.९८ म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. महिनाभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड मालकावर बसू शकतो.

अपंगत्वाचे मोजमापही केवळ शरीराकडे पाहून होत नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा सुतारकामापुरते त्याचे अपंगत्व शंभर टक्के आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच मान्य केले होते.

रायगडच्या किनाऱ्यावर खरी अडचण असते ती मालक कोण, हे ठरवण्याची. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात ओएनजीसीच्या कामावरील 'पी ३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. मृतांपैकी काहींचे देह वाहत रायगडच्या किनाऱ्याला लागले आणि काहींची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणी करावी लागली. अशा कामांत ठेकेदाराखाली ठेकेदार असतो. म्हणूनच ठेकेदाराच्या कामगाराला मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते, अशी तरतूद कायद्याने केली आहे. शिवाय दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. वारस जेथे राहतात तेथेही तो दाखल करता येतो.

अपघातानंतर अनेक घरांत एखादा मध्यस्थ काही रक्कम घेऊन येतो आणि कोऱ्या कागदावर सही मागतो. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक ठरतो. मृत्यूची भरपाईही परस्पर न देता सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. कामगार राज्य विमा लागू असेल, तर मात्र भरपाईचा दावा न करता विमा महामंडळाकडून निवृत्तिवेतनासारखा लाभ घ्यावा लागतो.

हजेरीपत्रक, वेतनाची पावती, पोलिसांचा पंचनामा आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत. जुन्या कायद्यात दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. तेव्हा उशीर करू नये. औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अलिबाग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरेसा आहे.