बहात्तर तारांचा ताण

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या शिवारात चालणाऱ्या काळ्या, उभ्या हँडलच्या सायकलीला पुढच्या चाकात 32 आणि मागच्या चाकात 40 तारा असतात. इंग्रजी रोडस्टर सायकलीचा हा हिशेब लुधियानाच्या कारखान्यांनी तसाच पुढे चालवला. बसणाऱ्याचं बहुतेक वजन, कॅरिअरवरचा चाऱ्याचा भारा, दुधाचा कॅन, सगळं मागच्या चाकावर येतं; म्हणून तिथे आठ तारा जास्त.

इथल्या अंतरांचा हिशेब मात्र 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे बदलला. गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना भूकंप झाला, दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. पुढे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. पांढरी, म्हणजे वस्ती, हलली; काळी, म्हणजे शेतजमीन, जिथल्या तिथे राहिली. पूर्वी पायी उरकणारी शेताची फेरी अनेकांसाठी लांबली, आणि ती ज्या वाटेने होते ती सायकलीची कसोटीच घेते. पावसाळ्यात काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये इतकी घट्ट बसते की काडीने खरवडल्याशिवाय चाक फिरत नाही. उन्हाळ्यात उसाच्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या वाळून दगड होतात.

अशा वाटेवर चाक टिकतं ते तारांच्या ताणावर. बारीक तार ओझ्याखाली खांबासारखी उभी राहू शकत नाही. म्हणून प्रत्येक तार आधीच ओढून बसवलेली असते. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तिथल्या तारांचा ताण ओझ्याने कमी होतो आणि चाक पुढे सरकलं की परत येतो. मुळात ताण भरपूर असेल तर तार कधी ढिली पडतच नाही. तो कमी असेल तर प्रत्येक खड्ड्यात ती ढिली पडते, पुन्हा ताठ होते आणि हबच्या भोकाशी जिथे वळते त्या कोपरावर थकून तुटते. जॉबस्ट ब्रँड्ट या अमेरिकी अभियंत्याने 1981 साली चाकावरच्या आपल्या पुस्तकात हे बारकाईने मांडलं. आपल्याकडे मात्र ‘तार जास्त आवळली म्हणून तुटली’ असंच अजून ऐकू येतं. पहिली तार तुटली की ती एक बदलून भागत नाही. बाकीच्याही ढिल्या झाल्यात, हे तेव्हाच ओळखायला हवं.

आउट काढणं, म्हणजे तारा आवळून-सोडून डुलणारं चाक सरळ करणं, हे म्हणूनच खरं कसबाचं काम. मिस्त्री सायकल उलटी करतो, चिमट्याला अंगठा टेकवून चाक फिरवतो. रिंग अंगठ्याला जिथे घासते तिथली त्याच बाजूची तार पाव फेरा ढिली, समोरच्या बाजूची पाव फेरा घट्ट. तारेच्या टोकाच्या गंजलेल्या निपलवर आधी तेलाचा थेंब, नाहीतर निपलचे कोपरे झिजतात. शेवटी दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने आवळतो. करकर आवाज होतो, तारा जागेवर बसतात. मग बोटाने छेडून ऐकतो. एका बाजूच्या तारा साधारण एका सुरात वाजल्या पाहिजेत. जी बद्द वाजते ती ढिली.

दांड्याच्या ब्रेकच्या सायकलीत एक धोका लपलेला असतो. ब्रेकचं रबर रिंगच्या आतल्या अंगाला, हबच्या बाजूने लागतं. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे डुलत असलं तरी ते ब्रेकला घासत नाही आणि चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आठवड्यातून एकदा मागे उकिडवं बसून चाक फिरवून पाहावं. त्याच वेळी रिंग धरून आडवी हलवावी. खुळखुळ जाणवली तर कोन आवळून छर्रे-ग्रीस पाहून घ्यावं. हवा कमी असेल तर भरावी. ढिल्या टायरवर दगड आला की ट्यूब रिंगमध्ये चिमटते, शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात आणि रिंगलाही पोचा येतो. पोलादी रिंग ठोकून बरीच सरळ होते, हा तिचा मोठा गुण. पण ओली झाली की ब्रेक नीट धरत नाही, म्हणून पावसात उतारावर वेग आधीच कमी ठेवावा.

ही निगा नव्या सायकलींनाही लागते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. नव्या चाकाच्या तारा सुरुवातीच्या काही आठवड्यांत बसतात आणि ताण उतरतो. नेमकं तेव्हाच चाक पुन्हा आवळायला हवं. वाटपाचा समारंभ होतो, त्यानंतर महिन्याभराने शाळेच्या आवारात मिस्त्री बसवण्याची सोयही योजनेतच असावी. त्याची दिवसभराची मजुरी आणि निपलची चावी, एवढाच खर्च आहे.